दीड तासात अकरा जण बरे

आणि वर मलाच म्हणतात, ‘तुम्ही फार बोलता!’ मी? अहो, मी? तुम्हाला सांगतो, आमच्या आख्ख्या गल्लीत कोणालाही विचारा, मी बोलणारा माणूस नाही. नाहीच मुळी! बसमध्ये माझा थांबा आला तरी मी ‘थांबवा’ म्हणत नाही, पुढे दुसरं कोणी उतरेल तिथे उतरतो आणि चालत मागे येतो. न्हाव्याने केस जास्त कापले तरी आरशात बघून ‘छान’ म्हणतो. आणि शाळा? आठवीत सुटली माझी शाळा, ती का सुटली माहीत आहे? बाईंनी हजेरी घेताना माझं नाव चुकून गाळलं. आता उठून ‘बाई, मी आहे’ एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द! नाही म्हणवलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल बोललो नाही, आज कुठल्या तोंडाने बोलू? असं करत करत महिनाभर मी वर्गात बसून गैरहजर! शेवटी म्हटलं, कागदावर आपण नाहीच आहोत तर निदान घरी तरी जाऊ. गेलो. गाद्या भरायच्या कामाला लागलो. गादीशी बोलावं लागत नाही ना... कापूस पिंजा, खोळीत भरा, दाभणाने टाके घाला, झालं. गादी कधी विचारत नाही, ‘काय हो, गप्प का?’

तर अशा माणसाला ह्या लोकांनी समितीवर घेतलं. कसली समिती? देखरेख समिती! म्हणजे काय, की पालिकेच्या खर्चाने हे व्यसनमुक्ती केंद्र चालतं, बारा खाटांचं, तर ते नीट चालतंय की नाही हे गावाच्या चार माणसांनी बघावं. चांगली गोष्ट आहे, नाही कोण म्हणतंय? आणि त्या चारांत एक जण नातेवाइकांपैकी हवा, असा नियम. ज्याच्या घरात व्यसन आहे असा. आता तो माझ्या घरात होताच. माझा दादा. टेम्पो चालवायचा. आधी पिऊन चालवायचा नाही, मग पिऊन चालवायला लागला, मग नुसताच प्यायला लागला, टेम्पो गेला.

दादा केंद्रात जायला तयार कसा झाला ते ऐका. वहिनीने सांगून झालं, आईने रडून झालं, शपथा घालून झाल्या. काही नाही! आणि मग पुतणीने चित्र काढलं. सहा वर्षांची आहे. आमचं घर काढलं, आजी काढली, आई काढली, कोपऱ्यात मी. माझं तोंड काढलंच नव्हतं, ते जाऊ द्या. आणि सगळ्यांच्या पायाखाली एक लांब आडवी काळी पट्टी. दादाने कौतुकाने विचारलं, ‘वा! हा रस्ता का गं?’ तर म्हणते, ‘नाही. ते बाबा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून दादा माझ्यापुढे उभा. म्हणाला, ‘मुक्या,’ घरी मला मुक्याच म्हणतात, ‘मुक्या, फॉर्म भरून ये माझा. आज हो म्हणतोय. उद्याचं सांगत नाही.’

पळत गेलो! अक्षरशः दाभण हातात घेऊन पळत गेलो, दुकानात ठेवायचंही सुचलं नाही. खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे एक जण घुसला, मी गप्प. दुसरा घुसला, गप्प. एक बाई तर मला हाताने बाजूला करून पुढे गेल्या, मी वर त्यांना ‘या’ म्हणालो. आणि हे सगळं आतून एक गृहस्थ बघत होते. केंद्राचे व्यवस्थापक. आम्ही त्यांना साखरसाहेब म्हणतो, कारण आवाज असा, की ‘मेला’ हा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून ऐकला तर माणसाला बरं वाटेल. त्यांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. ‘काय करता? गाद्या? वाऽऽ. शिक्षण? आठवी? वाऽऽऽ. समितीवर याल का? काही करायचं नाही हो! महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अकराला यायचं, एक फेरी मारायची, बाराला मीटिंग, आणि सही. तुम्ही फक्त सही करायची.’ मी मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, हो म्हणायला नुसती मान पुरते... माझं आयुष्यच ह्या फरकावर चाललंय.

बरं, पहिला मंगळवार उजाडला. इस्त्रीचा शर्ट घातला. समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त साहेब, सहा वर्षं अध्यक्ष आहेत, चालताना सुद्धा अध्यक्ष वाटतात. बाकीचे दोघे त्यांच्या मागे, मी त्या दोघांच्या मागे. आणि साखरसाहेब पुढे, दार उघडायच्या आधीच, ‘बघा, बाराच्या बारा खाटा भरलेल्या!’ आणि खरंच हो, बारा खाटा, बारा माणसं, बारा पांढऱ्या चादरी गळ्यापर्यंत. एक म्हातारबाबा उठून बसले आणि घडाघडा म्हणाले, ‘मला इथे नवजीवन मिळालं. इथला कर्मचारीवर्ग आईसारखा आहे.’ आणि परत आडवे. अध्यक्षांचे डोळे भरून आले. सहा वर्षं दर महिन्याला भरून येतात म्हणे.

मला काय सवय, गादी दिसली की हात जातो. जातोच! लोकांच्या घरी गेलो की आधी गादी दाबतो, मग पाणी पितो. तसा मी जाता जाता पहिल्या खाटेची गादी कडेला दाबली. टम्म! दुसरी दाबली, टम्म! अहो, कापूस असा रुसलेल्या जावयासारखा फुगलेला! तुम्हाला सांगतो, माणूस महिनाभर एका गादीवर झोपला ना, की गादी त्याची होते. कमरेपाशी बसते, खांद्यापाशी दबते, कुशीवर झोपणाऱ्याची एका अंगाला कलते. मी गादी बघून सांगू शकतो माणूस किती जाड आहे आणि कोणत्या बाजूला तोंड करून बायकोशी अबोला धरतो. आणि इथे कागदावर लिहिलंय, हे बारा जण तीन महिने इथेच आहेत! बारापैकी एकच गादी दबलेली, म्हातारबाबांची. चार नंबरच्या चादरीखालून बूट बाहेर आलेले, नाडी बांधलेली. आणि सात नंबरला... सात नंबरला माझा न्हावी!

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे लाजलो! मी हळूच विचारलं, ‘तुम्ही इथे कुठे?’

‘जरा... व्यसन आहे.’

‘कसलं हो?’

त्याने छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, म्हणाला, ‘चहाचं.’

आता तुम्ही म्हणाल, मग तू तिथेच ओरडला असशील. अहो, मी बोलणारा माणूस नाही! मला वाटलं, असेल बाबा, चहाचंही असतं काही लोकांना. बाराला मीटिंग झाली, कागद फिरत फिरत माझ्यापुढे आला, साखरसाहेबांनी पेनाचं टोपण काढून दिलं आणि मी सही केली. हो, केली! लपवत नाही. वेलांटी काढून केली.

आणि दुसऱ्या दिवशी घरी पत्र. दादाच्या नावाने. ‘आपला अर्ज मिळाला. केंद्रातील सर्व बारा खाटा भरलेल्या असल्याने सध्या जागा नाही. खाटा भरलेल्या असल्याची देखरेख समितीने समक्ष पाहणी करून खात्री केली आहे.’ खाली चार सह्या. चौथी माझी! वेलांटीसकट!

वहिनीने पत्र वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत पत्राकडे. ‘भावजी,’ म्हणाली, ‘ही सही ओळखीची वाटते.’ बस्, एवढंच म्हणाली. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं हो... आई म्हणाली, ‘अरे, सख्ख्या भावाला जागा नाही असं लिहून दिलंस?’ आणि दादा बाहेर निघून गेला. कुठे गेला ते काय सांगायला हवं? पाच दिवस झाले होते त्याला, न पिता. पाच! हाताला कंप सुटायचा तर पुतणीचे खडू मांडून बसायचा, रंगाप्रमाणे. त्या दिवशी खडू तसेच राहिले.

रात्र जाऊ द्या. सकाळी दादा भिंतीला टेकून बसला होता, डोळे लाल, आणि मी त्याच्यापुढे बसून सगळं सांगितलं. बोललो! गाद्या, बूट, न्हावी, सगळं. आणि दादा हसायला लागला. एवढा हसला की खोकला आला. म्हणाला, ‘मुक्या, ते केंद्र पितंय.’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘अरे, माझंच सगळं आहे ते! तुझ्या वहिनीचा भाऊ मला बघायला यायचा, तेव्हा मी काय करायचो? सांगून यायचा ना तो! मग मी आदल्या दिवशी दाढी करायचो, वेलदोडा चघळायचो, धुतलेला शर्ट. आणि त्याने काही विचारायच्या आधीच सांगायचो, “बघा, एकदम ठीक आहे मी!” लक्षात ठेव, न विचारता उत्तर आलं की समजायचं बाटली घरात आहे.’

आणि तिकडून वहिनी, भांडी घासता घासता, पाठ तशीच ठेवून, ‘मी कधी पकडायचे तुम्हाला?’

दादा नखं बघायला लागला.

‘सांगा ना भावजींना! सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधी यायचे. चपला जिन्याखाली काढून, अनवाणी. भावजी, सांगून गेलात तर तुम्ही पाहुणे. पाहुण्याला कोणी घर दाखवत नाही, नुसता दिवाणखाना दाखवतात.’

आता मला न सांगता कसं जाता येणार? समितीची तर सात दिवस आधी नोटीस जाते! पण समितीवर घेतलं तेव्हा सोळा पानांची नियमावली दिली होती. बाकीच्यांनी ती चाळली. शिकलेली माणसं, त्यांना चाळता येतं. मला चाळता येत नाही, मला वाचावंच लागतं, बोट ठेवून, शब्द शब्द. चार दिवस लागले. आणि चौथ्या दिवशी बोट नियम नऊवर थांबलं. ‘समितीच्या कोणत्याही सभासदास कामाच्या कोणत्याही दिवशी, सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत, पूर्वसूचना न देता केंद्राची पाहणी करता येईल.’ कोणत्याही सभासदास! मी तीनदा वाचलं. म्हटलं, अरेच्चा, म्हणजे मलासुद्धा!

धीर करायला आणखी दोन आठवडे गेले, आणि मग एका बुधवारी सकाळी अकराला गेलो. फाटकावर रखवालदार. ‘साहेब नाहीत.’ मी गप्प. ‘आज बंद आहे.’ गप्प. पण मागे फिरलो नाही, नियमावलीचं पान त्याच्या नाकासमोर धरून उभा राहिलो. पाच मिनिटं. तुम्हाला सांगतो, गप्प माणूस जाईना झाला ना की समोरच्याला घाम फुटतो. त्याने दार उघडलं. आत... आत काय? अकरा गाद्या गुंडाळून, दोऱ्या बांधून, एकावर एक रचलेल्या! खाटांवर रखवालदाराच्या घरचे कपडे वाळत घातलेले! आणि कोपऱ्यातल्या खाटेवर एकटे म्हातारबाबा, नवजीवनवाले. मला बघून दचकले, ‘आज मंगळवार आहे का? अरे देवा, मला कोणी सांगितलंच नाही!’ आणि ताठ बसून सुरू, ‘मला इथे नवजीवन...’

मी म्हटलं, ‘बाबा, बुधवार आहे.’

‘मग ठीक आहे,’ म्हणाले, आणि पाय पसरले. ‘काय सांगू पोरा, मी बरा होऊन आठ महिने झाले. पण सोडत नाहीत. म्हणतात, तुम्ही गेलात तर भाषण कोण करणार?’

बरे झालेले आत अडकलेले आणि आजारी माझ्या घरी भिंतीला टेकून! पालिकेचे पैसे बारा जणांचे, जेवणारा एक! आणि माझ्या लक्षात आलं की मला वेटिंगवाल्यांमधून का घेतलं समितीवर. पेशंटच्या नातेवाइकांमधून घ्यायला पेशंट होते कुठे?

रखवालदाराने कळवलं असणारच. दुसऱ्या दिवशी साखरसाहेब स्वतः माझ्या दुकानात! कापसावर बसले, इस्त्रीच्या पँटने. ‘अहो, तुमच्या भावाचं पत्र चुकून गेलं हो! खाट तयार आहे. बुधवारी घेऊन या. मंगळवारची मीटिंग आटपली, तुमची सही झाली, की बुधवारी तुमचे दादा आत. औषधपाणी, डॉक्टर, सगळं. घरातलं माणूस आहे, आपण आपल्या माणसाचं नाही बघायचं तर कोणाचं?’ असा गोड आवाज! आणि मी काय केलं? सवयीने मान हलवली.

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, ‘मग कर की सही! हात झिजतो का?’ वहिनी? पुतणीला जवळ घेऊन तिची वेणी घालत बसली, घातली, सोडली, परत घातली. तिला काय हवं होतं ते मला दिसत होतं हो. मी काय दगड आहे? मी म्हटलं, ‘करतो सही. दादा, तू सांग, करतो.’ दादाने पुतणीचा एक खडू उचलला, परत जागेवर ठेवला. मग म्हणाला, ‘मुक्या, आजवर जी बाटली मिळवली ती खोटं बोलून मिळवली. आता खाटही खोटं बोलूनच मिळवायची? मग मी सोडलं काय? नुसती बाटली?’ पुढे म्हणाला, ‘आणि तू सही केलीस तरी तिथे उपचार करणारं कोणी नाही. नुसता मीही चादर ओढून पडेन. ते मला घरीही येतं.’

मंगळवार. पुढच्या महिन्याचा पहिला. अकराला तपासणी. परत बारा खाटा, बारा माणसं, न्हावी ह्या वेळी पाच नंबरला. जागा बदलली होती! आणि बाराला पालिकेच्या इमारतीत मीटिंग, केंद्रापासून दोन गल्ल्या. कागद फिरला. टोपण काढलेलं पेन माझ्या हातात. अध्यक्ष म्हणाले, ‘तर सर्वांची संमती आहे, पुढचा विषय...’ आणि मी उभा राहिलो. का उभा राहिलो मला माहीत नाही, पाय आपोआप सरळ झाले. सगळे बघताहेत. कागदावर ‘शेरा’ म्हणून एक रकाना असतो, सहा वर्षं कोरा, त्यात मी लिहिलं, ‘गाद्यांवर कोणी झोपलेलं नाही.’ एवढं लिहायला मला इतका वेळ लागला की अध्यक्षांनी चष्मा तीनदा पुसला.

‘हे काय?’ अध्यक्ष. ‘तुमचं शिक्षण किती?’

‘आठवी... सुटली.’

‘मग गादीवर माणूस झोपला की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?’

‘साहेब, ते आठवीनंतर शिकलो.’

साखरसाहेब हसले. गोड. ‘जाऊ द्या साहेब, साधा मुलगा आहे.’ साधा मुलगा! तुम्हाला सांगतो, तिथे माझं काहीतरी सुटलं, गाठच सुटली. मी अध्यक्षांच्या खुर्चीपाशी गेलो आणि म्हटलं, ‘साहेब, उठा.’ अध्यक्षांना! ते उठले सुद्धा, सहा वर्षांत त्यांना कोणी उठा म्हटलंच नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांच्या खुर्चीची गादी उचलली, दाबली, म्हटलं, ‘तुम्ही डावीकडे कलून बसता. उजव्या कुल्ल्याखाली काहीतरी जाड असतं, पाकीट असेल. त्यामुळे कमरेच्या डाव्या बाजूला दुखतं, सकाळी जास्त. आणि मीटिंग लांबली की तुम्ही उजवा पाय दुमडून घेता.’

अध्यक्षांनी हळूच मागच्या खिशातून पाकीट काढलं. जाड! म्हणाले, ‘दोन डॉक्टर झाले. कोणी सांगितलं नाही.’

आणि मग मी बोललो. अहो, पहिलं वाक्य निघायला आठवीपासून आजपर्यंतचा वेळ लागला, पण ते निघालं आणि त्याच्या मागे जी रांग लागली! बूट सांगितले, न्हावी सांगितला, चहाचं व्यसन सांगितलं, बुधवार सांगितला, आडव्या काळ्या पट्टीचं चित्र सांगितलं. म्हटलं, ‘साहेब, मी शाळेत बसून कागदावर नव्हतो, हे लोक कागदावर आहेत आणि खाटेवर नाहीत. आणि माझा भाऊ घरी भिंतीला टेकून आहे, त्याला मीच पत्र पाठवलंय की जागा नाही! आत्ता चला. आत्ता! माझं खोटं निघालं तर मला समितीवरून काढा, मला आनंदच आहे.’

मी बोलणारा माणूस नाही, पण घड्याळात बघितलं तर पाऊण तास झाला होता.

साखरसाहेब म्हणाले, ‘आत्ता पेशंट आराम करताहेत, त्यांना त्रास...’ अध्यक्ष पाकीट हातात धरून उभे. म्हणाले, ‘चला.’ दीड वाजता आम्ही सगळे केंद्रात. दार उघडलं. अकरा खाटा रिकाम्या! रखवालदार सातव्या गादीला दोरी बांधत होता, तसाच पुतळा झाला. अध्यक्षांनी विचारलं, ‘पेशंट कुठे गेले?’ साखरसाहेब एका चादरीची घडी घालायला लागले. आणि कोपऱ्यातून म्हातारबाबा म्हणतात, ‘बरे झाले साहेब. सगळे.’

दीड तासात अकरा जण बरे! असं केंद्र जगात नाही!

पुढचं भराभर झालं. साखरसाहेब तब्येतीच्या कारणाने रजेवर गेले. म्हातारबाबांना सोडलं, जाताना सवयीने भाषण करून गेले. समितीत ठराव झाला, आणि अध्यक्ष मला म्हणाले, ‘तुम्हीच सांगा, काय नियम करायचा?’ मी म्हटलं, यादी. कोण कधी नाव घालून गेलं, तारखेप्रमाणे, मोठ्या अक्षरात, बाहेर भिंतीवर. वशिला नाही, चिठ्ठी नाही, मधे घुसणं नाही. आयुष्यभर माझ्यापुढे लोक घुसलेत, मला कळतं ते. सगळ्यांनी हात वर केले. छान झालं. यादी लागली. मी बोट ठेवून वाचत गेलो. एक, दोन, तीन...

खाटा बारा. दादा तेरावा.

नवीन बाई व्यवस्थापक आल्यात, चांगल्या आहेत, त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाल्या, ‘बारा नंबरला कळवलेलं नाही अजून. तुमच्यामुळे हे सगळं उघडलंय. वर घेऊ का एकाने?’ आणि बारा नंबर कोण? एक शिंपी. त्याची बायको तिथेच यादीखाली उभी होती, नाव सापडलं म्हणून बोट त्या नावावर ठेवून, काढायलाच तयार नाही, जणू बोट उचललं तर नाव उडून जाईल. मी म्हटलं, ‘नको बाई.’ तोंड उघडून म्हटलं, नको.

घरी काय झालं ते विचारू नका. आई म्हणाली, ‘एवढं कशाला वाचलंस रे?’ वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जेवायला मात्र वाढत होती, जास्तच. आणि दादा तिसऱ्या दिवशी सकाळी उठला, अंघोळ केली आणि थेट केंद्रात येऊन यादीखालच्या बाकावर बसला. दहा वाजता. बाईंनी विचारलं, ‘काय हवं?’ म्हणाला, ‘काही नाही. बघतोय, माझ्या पुढे कोणी घुसत नाही ना.’

दहा ते पाच! रोज! आणि गंमत बघा, नवीन डॉक्टरांची वेळ दहाची, यायचे बाराला. आता दारात एक लाल डोळ्यांचा माणूस बसून घड्याळाकडे बघतोय म्हटल्यावर डॉक्टर सव्वादहाला, मग दहाला. येता जाता दादाची नाडी बघायला लागले. मग गोळ्या. मग समुपदेशनवाल्या ताई तिथेच बाकावर अर्धा तास बसायला लागल्या. आतले पेशंट कुरकुर करायला लागले की बाहेरच्याची जास्त देखभाल होते! चौथ्या दिवशी दादा उठला, फाटकापर्यंत गेला, फाटकाची कडी धरून दहा मिनिटं उभा राहिला. मी डबा घेऊन आलो होतो, इथूनच बघत होतो. मी मधे गेलो नाही. परत आला, बसला. म्हणाला, ‘बघून आलो. फाटकातून कोणी मधे घुसत नाहीये.’

आणि काल नऊ नंबरचा माणूस दुसऱ्या गावी भावाकडे गेला, खाट रिकामी झाली. रीतसर, नंबराने, दादाला बोलावणं आलं. वहिनीने पिशवी भरली. पुतणी मला धरून उभी. आणि दादा बाकावरून हलेना! म्हणे, ‘मी आत गेलो की इथे कोण बसणार? दोन दिवसांत डॉक्टर परत बाराला येतील. परवा कोणीतरी मधे घुसेल.’ बाई समजावतात, डॉक्टर समजावतात, वहिनीने पिशवी खाली आपटली, ‘अहो, आत जा, नाहीतर मी जाते!’ तरी हलेना. आणि मग सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले.

काय करणार? मान हलवली.

तर दादा आत आहे. आजचा पहिला दिवस. गादी मी दाबून बघितली, कापूस चांगला आहे, महिनाभरात बसेल त्याच्या अंगाला. आणि माझं दुकान बंद, खोळी इथेच आणल्यात, बाकावर बसून शिवतो, दहा ते पाच. तुम्ही किती नंबर? एकोणीस? बसा, बसा, लागेल वेळ. फक्त जरा तिकडे सरकता का... डॉक्टरांचं दार दिसत नाहीये.